शब्दशंका : वाट चुकलेले पत्र आणि वाट चुकलेला मुलगा

प्रश्न : मी हौशी अनुवादक आहे. सध्या करत असलेल्या एका इंग्रजी कथेत दोन पानांच्या अंतराने 'गो अस्ट्रे' हा वाक्प्रचार दोनदा आला आहे. एकदा टपालात टाकलेल्या पत्राबद्दल आणि दुसऱ्यांदा ते पत्र ज्याला लिहिले होते त्या मुलाबद्दल. माझ्याजवळच्या कोशात 'वाममार्गाला लागणे' एवढाच अर्थ आहे. पत्र वाममार्गाला कसे लागेल, म्हणून मी दोन्हीकडे 'भरकटणे' वापरले. ते वाचून माझ्या बहिणीला हसू आवरेना. या वाक्प्रचाराचा नेमका अर्थ काय आणि तो मराठीत कसा आणावा? हे सगळे एका शब्दात बसवता येईल का?

उत्तर : बहिणीचे हसू पत्रापुरते रास्त आहे, मुलाच्या बाबतीत मात्र 'भरकटला' हा आपला शब्द कोशातल्या शब्दापेक्षा कितीतरी बरा आहे. असे का, हे पाहण्यासाठी या शब्दाचे मूळ थोडे उकरावे लागेल.

'अस्ट्रे' हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे लॅटिनमधली दोन पदे आहेत : 'एक्स्ट्रा' म्हणजे बाहेर आणि 'व्हॅगारी' म्हणजे भटकणे. आखलेल्या हद्दीबाहेर भटकणे, एवढाच मूळ अर्थ. उधळ्या माणसाला लावले जाणारे 'एक्स्ट्रॅव्हॅगंट' हे विशेषण याच दोन पदांचे बनले आहे, आणि पैशांशी त्याचा संबंध जुळला तो पुष्कळ नंतर. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'च्या पहिल्याच प्रवेशात कोंबडा आरवल्याबरोबर भूत अदृश्य होते, तेव्हा हॅम्लेटचा मित्र होरेशिओ अशा पिशाच्चांना 'एक्स्ट्रॅव्हॅगंट अँड अरिंग' म्हणतो. त्याला पिशाच्चे खर्चिक किंवा चुका करणारी म्हणायची नाहीत. रात्री हद्दीबाहेर हिंडणारी आणि पहाट होताच आपल्या कोंडवाड्यात परतणारी, असे त्याला म्हणायचे आहे. 'अरिंग' शब्दाच्या मागेही 'एरारे', म्हणजे भटकणे, हेच लॅटिन क्रियापद आहे, आणि इंग्रजीतला 'एरर' त्यातूनच आला. थोडक्यात, इंग्रजाची चूक म्हणजे मुळात एक भटकंती आहे. मराठीतली चूक तशी नाही. ती 'चुकणे' या क्रियापदातून आली आहे, आणि त्यात नेम चुकतो, वेळ चुकते, ठोका चुकतो, तशीच वाटही चुकते. संस्कृतात मात्र इंग्रजीसारखाच प्रकार दिसतो : 'भ्रम्' म्हणजे हिंडणे, त्यातून प्रवासाचे भ्रमण निघाले आणि बुद्धीचा भ्रमही निघाला.

आता मूळ मुद्दा. 'अस्ट्रे' हा शब्द वाट सुटली एवढेच सांगतो, पुढे कोणती वाट लागली याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. पत्र अस्ट्रे गेले म्हणजे ते पोहोचायला हवे होते तिथे पोहोचले नाही. ते कोणाच्या खणात पडून आहे, फाटले की चोरीला गेले, हे वाक्यात नाही. मुलगा अस्ट्रे गेला म्हणजे ज्या वाटेने त्याने चालावे अशी अपेक्षा होती ती त्याने सोडली. तो जुगारी झाला की नुसता अभ्यास टाकून उनाडक्या करू लागला, हेही वाक्यात नाही. 'वाममार्गाला लागला' म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर दुसरी एक वाट उभी राहते आणि तिच्यावर पुरती चालू लागलेला माणूस दिसतो. मूळ लेखकाने न दिलेला निकाल अनुवादकाने दिल्यासारखे ते होते. वाममार्ग हे तंत्रमार्गातल्या एका आचाराचे नाव होते आणि आज तो शब्द केवळ निंदेसाठी उरला आहे, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी त्याचे वजन 'अस्ट्रे'ला पेलणारे नाही.

हे हलकेपण बऱ्याच अंशी मेंढरांकडून आले आहे. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात, आम्ही सगळे मेंढरांसारखे अस्ट्रे गेलो आणि ज्याने त्याने आपापली वाट धरली, असे वचन आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात शंभर मेंढरांपैकी एक अस्ट्रे जाते, तेव्हा धनगर नव्व्याण्णव मागे ठेवून त्या एकाला शोधायला निघतो. मेंढराला पाप करायचे नसते. खाली मान घालून चरता चरता ते पुढे सरकते, आणि मान वर करते तेव्हा कळप दिसत नाही. चर्चमध्ये शतकानुशतके कानावर पडलेले हे चित्र इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात मुरलेले आहे, त्यामुळे 'गॉन अस्ट्रे' म्हणताना तो दोष देतो, पण कुठेतरी परत आणण्याची सोयही ठेवतो. या कारणाने मुलाच्या वाक्यासाठी मी 'भरकटला' किंवा 'वाट चुकला' असे सुचवेन. कथेत पुढे तो खरोखरच बिघडलेला दिसत असेल तर 'बहकला' चालेल. 'बहकणे' यात थोडी धुंदी आहे, जवानीची किंवा पैशाची, आणि ती मूळ प्रसंगात आहे का ते आपण तपासून पाहावे.

'वाट चुकला' वापरताना एका गोष्टीची जाण असू द्यावी. फार दिवसांनी दारात आलेल्या माणसाला आपण 'आज कशी वाट चुकलात?' असे विचारतो, तेव्हा त्यात ना दोष असतो ना काळजी. असतो तो लाडिक टोमणा. वाक्याचा संदर्भ गंभीर असेल तर वाचक गोंधळणार नाही, पण संवादात हा शब्दप्रयोग जपून टाकावा.

पत्राकडे वळू. पत्र, सामान, कागद, पार्सल यांच्यासाठी मराठीत 'गहाळ होणे' हा तयार शब्द आहे, आणि तो 'अस्ट्रे'सारखाच तटस्थ आहे : वस्तू जागेवर नाही, यापलीकडे तो काही बोलत नाही. मी उमेदवारीच्या काळात एका प्रवासवर्णनाचा अनुवाद करताना 'आमचे सामान भरकटले' असे लिहिले होते. मुद्रितशोधन करणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांनी त्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली आणि समासात बारीक अक्षरात लिहिले, 'सामानाला पाय फुटले काय?' शेरा मार्मिक होता, आणि त्यांना वाटले असेल त्याहून जास्त मार्मिक होता, कारण मराठीत वस्तूला पाय फुटतात ते ती कोणीतरी लांबवली असेल तेव्हा. इंग्रजीतही कार्यालयातल्या पैशांबद्दल किंवा कपाटातल्या बाटलीबद्दल कोणी 'समहाउ वेन्ट अस्ट्रे' असे म्हणाला, तर तो बहुधा चोरीचे नाव न घेता चोरीच सुचवत असतो. तशा जागी 'पाय फुटले' हाच सर्वांत नेमका अनुवाद आहे, एरवी 'गहाळ'.

पत्र आणि मूल यांच्याखेरीज बेतही अस्ट्रे जातात. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीने 1785 साली, नांगराखाली उंदराचे बीळ उद्ध्वस्त झाल्यावर त्या उंदराला उद्देशून कविता लिहिली. उंदरांचे काय आणि माणसांचे काय, नीट आखलेले बेत पुष्कळदा फसतात, असे त्यात म्हटले आहे. मूळ स्कॉट बोलीत तिथे 'अग्ले' असा शब्द आहे. प्रमाण इंग्रजीत ती ओळ उद्धृत करणारे त्या जागी सर्रास 'अस्ट्रे' किंवा 'अराय' घालतात. बेताच्या बाबतीत मराठीत 'फसणे', 'फिसकटणे', 'बारगळणे' असे एकाहून एक चांगले शब्द असताना 'बेत भरकटला' लिहिण्याचे कारण नाही. खेळातला फेकलेला किंवा लाथाडलेला चेंडू अस्ट्रे जातो, तेव्हा तो आपल्याकडे सरळ 'चुकतो' किंवा 'हुकतो'.

हे सगळे एका शब्दात बसवता येईल का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. बसवता येणार नाही, आणि त्याची खंतही नको. लेखकाने पत्र आणि मुलगा यांच्यासाठी मुद्दामच एक वाक्प्रचार योजला असेल, तर मात्र प्रश्न वेगळा. मग 'पत्र वाटेत हरवले' आणि दोन पानांनंतर 'मुलगाही वाटेतच हरवला' असे काही करून पाहावे. 'हरवणे' हे दोघांनाही लागू पडते, आणि प्रतिध्वनी टिकतो.

प्रश्न : 'अ' आणि 'स्ट्रे' हे जोडून लिहावे की तोडून? दोन्ही रूपे छापलेली पाहिली आहेत.

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, कारण ते दोन निराळे शब्द आहेत. तोडून लिहिले की 'स्ट्रे' हे नाम किंवा विशेषण होते : वाट चुकलेले किंवा बेवारस जनावर. जोडून लिहिले की ते क्रियाविशेषण होते आणि 'गो' किंवा 'लेड' अशा क्रियापदाच्या मागे येते. नामाआधी ते येत नाही. 'अस्ट्रे शीप' असे कोणी लिहीत नाही, 'स्ट्रे शीप' असे लिहितात. 'अस्लीप' हा शब्दही असाच वागतो. झोपलेल्या मुलाला 'अस्लीप चाइल्ड' म्हणत नाहीत, हे लक्षात ठेवले की हेही राहते.

बेवारस जनावराचा हा अर्थ इंग्लंडच्या जुन्या कायद्यात चांगलाच रुजलेला होता. मालकाचा पत्ता नसलेले पाळीव जनावर कोणाच्या जमिनीत शिरलेले सापडले, तर त्याची चर्चमध्ये आणि जवळच्या दोन बाजारगावांत दवंडी द्यावी लागे, आणि एक वर्ष व एक दिवस उलटूनही कोणी हक्क सांगितला नाही, तर ते राजाचे किंवा त्याने ज्याला तो अधिकार दिला असेल त्या जमीनदाराचे होई. म्हणजे चुकलेल्या जनावराला परत येण्यासाठी वर्षाची मुदत होती. वर्तमानपत्रांत दिसणाऱ्या 'स्ट्रे इन्सिडेंट्स'मध्ये मात्र जनावर नाही की वाटही नाही. तिथे 'तुरळक घटना' हा रूढ शब्द आहे आणि तोच ठेवावा.

प्रश्न : एका इंग्रजी मुलाखतीत, तरुणपणी केलेल्या गैरव्यवहारांबद्दल बोलताना एक गृहस्थ 'आय वॉज लेड अस्ट्रे' असे म्हणतात. याचे मराठी 'माझी दिशाभूल झाली' असे करावे की 'मला बिघडवण्यात आले' असे?

उत्तर : दोन्ही नको. 'दिशाभूल' ही माहितीची होते : आकड्यांनी, जाहिरातीने, खोट्या पाटीने. इंग्रजीत 'आकड्यांनी आम्हाला अस्ट्रे नेले' असे वाक्य आले तर दिशाभूल हाच शब्द तिथे चपखल आहे. या गृहस्थांना मात्र आपण काय करतो आहोत हे ठाऊक होते. त्यांना रस्ता ठाऊक नव्हता असे नाही, त्या रस्त्यावरून कोणीतरी हाताला धरून खाली उतरवले, असे त्यांचे म्हणणे आहे. 'बिघडवण्यात आले' हे तर सरकारी परिपत्रकातले वाटते, आणि बोलणारा माणूस असे बोलत नाही.

या वाक्याची सगळी गोम त्याच्या कर्मणी रचनेत आहे. कोणी नेले, हे वक्त्याने सांगितलेले नाही. दोष दुसऱ्यावर टाकायचा, पण त्या दुसऱ्याचे नाव घ्यायचे नाही, ही सोय त्याने साधली आहे. अनुवादात ती सोय नाहीशी होता कामा नये आणि वाढताही कामा नये. 'मी वाईट लोकांच्या नादी लागलो' असे केले, तर 'लागलो' या क्रियापदाने कर्तेपण पुन्हा त्याच्याकडे येते. कबुली मुळापेक्षा मोठी होते. 'मला फूस लावली' म्हटले तर कोणीतरी ठरवून कट केल्यासारखे वाटते, आणि शिवाय हा शब्द पळवून नेण्याच्या बातम्यांत इतका वापरला गेला आहे की त्याला दुसराच वास येतो. मी इथे 'मी वाईट संगतीत सापडलो' असे लिहीन. 'सापडलो' या शब्दाची गंमत अशी की तो दिसतो कर्तरी, पण माणूस त्यात स्वतःहून काहीच करत नाही. पावसात सापडावे, तसा तो संगतीत सापडतो. मूळ वाक्यातली पळवाट तेवढ्याच रुंदीची मराठीत येते.

हाच वाक्प्रचार थट्टेनेही वापरतात. निघायच्या बेतात असलेल्या माणसाला 'आणखी एक डाव टाकू' असा आग्रह झाला, तर तो हसत 'डोन्ट लीड मी अस्ट्रे' म्हणतो आणि खुर्ची पुन्हा पुढे ओढतो. तिथे संगतबिंगत काही आणू नये; 'मला बिघडवू नका हो' हे पुरे.

जाता जाता, 'लीड अप द गार्डन पाथ' हा निराळा वाक्प्रचार आहे आणि त्याची यात सरमिसळ करू नये. त्यात निखळ फसवणूक आहे. त्यासाठी 'झुलवणे' किंवा 'बनवणे' हे शब्द आहेत.

प्रश्न : सन्मार्गाला धरून राहण्यासाठी इंग्रजीत 'स्ट्रेट अँड नॅरो' म्हणतात. यातला 'स्ट्रेट' म्हणजे सरळ ना? मग एका जुन्या पुस्तकात त्याचे स्पेलिंग 'जीएच' गाळून का केले आहे?

उत्तर : जुने पुस्तक मूळ वचनाला धरून आहे. हा शब्दप्रयोग मत्तयाच्या सातव्या अध्यायातून आला. जीवनाकडे नेणारे द्वार 'स्ट्रेट' आहे आणि वाट 'नॅरो' आहे, असे 1611च्या बायबलात म्हटले आहे, आणि तिथे स्पेलिंग 'जीएच'विना आहे. हा 'स्ट्रेट' लॅटिन 'स्ट्रिक्टस'वरून आला. त्याचा अर्थ आवळलेला, अरुंद, चिंचोळा. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या इंग्रजी नावात तोच आहे, आणि पैशांच्या अडचणीत सापडलेला माणूस ज्या 'डायर स्ट्रेट्स'मध्ये असतो त्यांतही तोच आहे. सरळ या अर्थाचा 'स्ट्रेट' अस्सल इंग्रजी धातूपासून, ताणणे या अर्थाच्या क्रियापदापासून निघाला. दोरी ताणली की ती सरळ होते. दोन्हींचा उच्चार एकच झाल्यामुळे ऐकणाऱ्यांनी अरुंद शब्दाच्या जागी सरळ शब्द बसवला, आणि आज सरळवाले स्पेलिंगच रूढ आहे. ते चूक ठरवण्याचा हट्ट आता कोणी धरू नये.

मूळ वचनाचा रोख मात्र या बदलात पालटला. द्वार अरुंद आणि वाटही चिंचोळी, म्हणजे त्यातून थोडेच जातात, एवढे त्या वचनात सांगितले आहे. ती वाट सरळ आहे असे तिथे कुठेच म्हटलेले नाही. वाट सरळ मानली की तिच्यापासून ढळणारा माणूस आपोआप वाकडा होतो. वाट अरुंद मानली तर ढळणाऱ्याबद्दल निदान एवढे तरी म्हणता येते की पाय ठेवायला जागाच थोडी होती. मराठीत 'सरळमार्गी' हा शब्द आहेच आणि दैनंदिन अनुवादाला तो पुरतो. धार्मिक संदर्भात मात्र 'अरुंद वाट' हेच म्हणावे.

प्रश्न : इंग्रजीत विवाहबाह्य संबंधालाही 'ही स्ट्रेड' असे सौम्यपणे म्हणतात. मराठीत त्यासाठी 'व्यभिचार' हा एकच कठोर शब्द का? मी अनुवाद करत असलेल्या वाक्यातला नवरा वर्षभर दुसरीकडे गुंतलेला आहे.

उत्तर : तो शब्द जन्मतः कठोर नव्हता. 'वि', 'अभि' आणि 'चर्' मिळून व्यभिचार होतो, आणि 'चर्' म्हणजे चालणे, फिरणे. गुरे चरतात तीही हिंडतच. म्हणजे व्यभिचार हा अक्षरशः 'स्ट्रे'च आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात 'भक्तिरव्यभिचारिणी' असे पद येते, त्याचा अर्थ इकडेतिकडे न भटकणारी, एकाच ठिकाणी लागलेली भक्ती. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. लज्जा, चिंता, हर्ष असे हे भाव येतात आणि जातात, एका रसाशी बांधलेले राहत नाहीत, आणि त्यांच्यावर कोणी अनीतीचा आळ घेतलेला नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर हेतूच, म्हणजे अनुमानासाठी दिलेले कारणच, व्यभिचारी होतो. पर्वतावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे, असे अनुमान कोणी केले तर नैयायिक त्याच्यासमोर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवतात. त्यात अग्नी आहे आणि धुराचा मागमूस नाही. म्हणून इथे अग्नी हा हेतू व्यभिचारी. ज्याच्या सोबत राहायचे त्याला सोडून तो दुसरीकडेही आढळला, एवढाच त्याचा अपराध.

मराठीने हे सगळे अर्थ शास्त्रग्रंथांत ठेवून दिले आणि बोलण्यात फक्त विवाहबाह्य संबंधाचा घेतला, म्हणून आज हा शब्द आरोपपत्रासारखा वाजतो. सौम्य शब्द मराठीत नाहीत असे मात्र नाही. 'पाऊल घसरले', 'पाऊल वाकडे पडले', 'तोल गेला' हे तिन्ही आहेत, आणि तिन्ही चालणाऱ्या माणसाचेच आहेत. फरक एवढाच की त्यांत एका क्षणाचा अपघात आहे, तर 'स्ट्रेड' यात हळूहळू लांब जाणे आहे. आपण पाठवलेल्या वाक्यातला नवरा वर्षभर दुसरीकडे गुंतलेला आहे. वर्षभर कोणाचे पाऊल घसरत नाही. तिथे 'त्या वर्षी तो तिच्यापासून दूर दूर जात राहिला, आणि कुठे जातो हे तिने विचारले नाही' असे सैल वाक्य करावे. वाचकाला जे कळायचे ते कळते, आणि लेखकाने न वापरलेला शब्द आपल्यालाही वापरावा लागत नाही.